मावशीची मजुरी

अजून चीड येते, कारण रक्कम होती फक्त एका दिवसाच्या मजुरीची.

प्रकल्प शहापूर-मुरबाडच्या रानभाज्यांवरचा. अर्ज, सादरीकरण, मंजुरी, हे सगळं ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. या वेळी कॉलेजच्या चेकबुकाऐवजी पैसे पीएफएमएसमधून द्यायचे होते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाची ही प्रणाली २००८-०९ मध्ये चार राज्यांत वेगळ्या नावाने सुरू झाली. आता अनुदान देणारा आणि खर्च करणारा, दोघांचा हिशेब एकाच ठिकाणी दिसतो.

किन्हवलीकडच्या पाड्यावरच्या ठाकर मावशीने मला शेवळं दाखवली. पहिल्या पावसात ती वर येतात आणि बघता बघता संपतात. कुठली खुडायची, सोबत काकडं किती घालायची म्हणजे घसा खाजत नाही, हे तिने चुलीपाशी बसून, चिरून दाखवलं. तिचा दिवस मोडला, तर मजुरी द्यायलाच हवी. पूर्वी व्हाउचर, रेव्हेन्यू स्टँप, अंगठा, की काम झालं. आता आधी तिची नोंदणी. लेखा विभागातल्या बाईंनी खाते क्रमांक भरला, आयएफएससी भरला, पाठवलं. बँकेकडून नकार. पुन्हा भरलं, पुन्हा नकार. मावशीची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. पासबुकावरचा कोड केव्हाच बाद झालेला. तो दुरुस्त केला, तर आधारवर नवऱ्याचं नाव आणि पासबुकावर बापाचं. म्हणजे मावशीने शहापूरला जायचं, रांगेत उभं राहायचं. एका दिवसाची मजुरी मिळावी म्हणून दुसऱ्या दिवसाची बुडवायची! आणि इकडे ३१ मार्च आला की न खर्चलेली रक्कम परत.

मी फार ओशाळून सांगितलं. मावशी शांत. "सर, रोजगार हमीचं पण आसंच अडकतं." खरंच, तिची रोजगार हमीची मजुरीही याच प्रणालीतून येते. मला नवा वाटणारा ताप तिच्या घरी जुना होता.

तरी जुनं बरं होतं, असं म्हणवत नाही. अंगठा घेतलेल्या व्हाउचरवर आकडा कोण लिहीत होतं आणि हातात किती पडत होते, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. पैसा थेट खात्यात जावा याच्या मी बाजूचाच आहे. पण दोन-तीनशे रुपयांच्या मजुरीला आणि लाखाच्या यंत्राला एकच चाळण कशाला?

नव्याने प्रस्ताव देणाऱ्यांनी पावसाआधीच पाड्यावर जाऊन पासबुकं तपासून घ्यावीत. माझे काही सहकारी त्याहून हुशार निघाले: त्यांनी अंदाजपत्रकातून स्थानिक माहितगारांचं मानधनच काढून टाकलं. त्याजागी प्रिंटर घातला. कल्याणच्या दुकानदाराचा जीएसटी क्रमांक असतो, त्याचं बिल कुठे अडत नाही.