तार राहू दे!

'वाव!', 'ऑसम!', 'कसला भारी!' ऑफिसच्या कँटीनमध्ये लॅपटॉप उघडून पक्ष्याचा फोटो दाखवला की हे तीन शब्द हमखास मिळतात. चौथा शब्द हवा असेल तर चहा पाजावा लागतो, मग 'खतरनाक' मिळतो! आता खोटं कशाला बोला, कौतुक कोणाला आवडत नाही? पण बॉस, 'ऑसम' ऐकून पुढचा फोटो चांगला येत नाही. त्यासाठी कोणीतरी समोर बसून 'इथे गंडलंय' असं सांगावं लागतं. आणि खरी गंमत पुढेच असते. सांगणारे तिघे असतील तर तिघं तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. मग ऐकायचं कोणाचं?

माझ्या बाबतीत हा प्रश्न एका नीलपंखाने उभा केला. ठिकाण, गोरेगाव. थांबा, वेस्टर्न लाइनवरचं नाही! माझं गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातलं. तिथे फिल्मसिटी नाही. सोयाबीन आहे, तूर आहे, हळद आहे आणि शेतावरच्या तारांवर ओळीने बसलेले कोतवाल, वेडे राघू आणि नीलपंख आहेत. फ्रीलान्स पत्रकारितेचा एक फायदा म्हणजे मंगळवारीही वीकेन्ड काढता येतो. तोटा म्हणजे पुढच्या महिन्याच्या भाड्याची खात्री नसते. डिसेंबरमधल्या अशाच एका मंगळवारी सकाळी काकांच्या आखाड्यावर मला तो फोटो मिळाला. मागे फुललेली पिवळी तूर, मधे पंपाच्या लाइनची काळी तार आणि तिच्यावर मान वळवून बसलेला नीलपंख.

पहिला फीडबॅक मुंबईतल्या एका सीनियर फोटोग्राफरचा. वीसेक वर्षं पक्ष्यांमागे हिंडलेला माणूस. त्याने 'छान' वगैरे काही म्हटलंच नाही. फोटो शंभर टक्के मोठा केला आणि थेट डोळ्यावर गेला. "डोळा शार्प आहे. शेपूट थोडी सॉफ्ट आहे, चालेल. डोळा गेला असता तर बाकी सगळं असून उपयोग नव्हता."

मग त्याने जो फंडा क्लिअर केला, तो आजवर पुरलाय. शार्पनेस कॅमेऱ्यात येतो, कॉम्प्युटरवर नाही. सॉफ्टवेअरमधला शार्पनिंगचा स्लायडर फक्त कडांवरचा कॉन्ट्रास्ट वाढवतो. गडद बाजू आणखी गडद, उजळ बाजू आणखी उजळ. डोळ्याला वाटतं, तपशील वाढला. प्रत्यक्षात एकही नवं पीस आलेलं नसतं! जरा जास्त ताणलं की पक्ष्याभोवती पांढरी किनार उमटते. जणू कोणी कात्रीने कापून चिकटवलाय. म्हणून शटर स्पीड आधी. बसलेल्या पक्ष्यालाही लांब लेन्सवर १/१०००च्या आसपास, उडणाऱ्याला १/२०००. त्यासाठी आयएसओ वाढला तर वाढू दे. थोडी रवाळ पण स्पष्ट फ्रेम हललेल्या फ्रेमपेक्षा केव्हाही बरी. आणि मराठवाड्यासाठी खास टीप, ऊन चढण्याआधी आटपा. जमीन तापली की झळा उठतात, हवाच थरथरते, आणि मग लाखाची लेन्सही पक्ष्याला पाण्यातून बघितल्यासारखं दाखवते. त्यावर उपाय दोनच, लवकर उठणं आणि जवळ जाणं. जवळ म्हणजे किती? पक्षी अस्वस्थ होणार नाही इतकंच.

दुसरा फीडबॅक पैसेवाला. एका कॅलेंडरसाठी फोटो निवडणाऱ्या डिझायनरला माझा नीलपंख आवडला. "फक्त ती तार काढू या ना. निळा जरा पॉप करू. आणि शार्पनेससाठी एआय टूल मारू." नमुना म्हणून त्याने स्वतःच एक व्हर्जन बनवून पाठवलं. खरं सांगते, बघताक्षणी नजर खिळली. तार गायब. तिच्या जागी कुठूनशी आलेली सुबक काटकी. निळा असा की डोळे दिपावेत. पिसं अगदी काचेसारखी. पैसे दीड महिन्याच्या भाड्याइतके. आता बोला!

तिसरा फीडबॅक काकांचा. पुढच्या फेरीत दोन्ही प्रिंट आखाड्यावर नेले आणि बाजेवर शेजारी शेजारी ठेवले. कोणता खरा, हे सांगितलं नाही. काकांना शटर स्पीड माहीत नाही, पण तो पक्षी ते रोज सकाळी बघतात. डिझायनरचा प्रिंट उचलून ते बराच वेळ बघत राहिले.

"माय, तार कुठं गेली?"

"काढली त्यांनी. छान दिसतं ना?"

"दिसतं. पण हा आपला न्हाई. आपल्याच्या गळ्यावर बारीक रेघा हायेत. ह्याचा गळा कुणी पुसला? आन् तारंवर बसतोय म्हणून तर त्याला खालचे किडे दिसत्यात. ह्या काटकीवर बसून काय करायलाय त्यो?"

मी प्रिंटकडे पुन्हा पाहिलं. खरंच, गळ्या-छातीवरच्या त्या फिक्या रेघा एआयने 'नॉइज' समजून गुळगुळीत केल्या होत्या आणि पंखावर नसलेली पिसं आखून दिली होती. आता तुम्ही म्हणाल, रेघांनी काय फरक पडतो? नीलपंख तसा कोणीही ओळखेल. कर्नाटक, तेलंगण आणि ओडिशा या तीन राज्यांचा तो राज्यपक्षी. पण आमच्याच माळावरच्या तीरचिमण्या घ्या. त्यांच्या जाती ओळखताना छातीवरच्या, पाठीवरच्या रेघाच बघाव्या लागतात. त्या पुसल्या की पक्षीच बदलतो.

पक्ष्यात केलेली फेरफार किती महागात पडते, याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. वन पिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला सापडलं नव्हतं. अपवाद एकच, रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश कर्नलने १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीजवळ मिळवल्याचा दावा केलेला नमुना. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी त्याच्या संग्रहाची छाननी केली तेव्हा उघड झालं की तो नमुना जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात खानदेशात गोळा केलेला होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरून नवा आकार दिलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला. म्हणजे त्या काळातलं एडिटिंगच की! मांडवीचा नाद सोडून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी अस्सल नमुन्यांच्या जागा शोधत फिरले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी वन पिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी! एका खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांना भलत्याच गावी पाठवलं होतं.

आणि तार? ती तर बातमी आहे. माळढोकाच्या मृत्यूंमागचं एक मोठं कारण विजेच्या तारा आहेत. त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि अंग जड, त्यामुळे ऐनवेळी वळता येत नाही. राजस्थान आणि गुजरातेतल्या माळढोकांच्या पट्ट्यातल्या तारांचा प्रश्न २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. एका पक्ष्याला तार मारते, दुसऱ्याला बसायला आणि शिकारीला जागा देते. दोन्ही गोष्टी आजच्या माळाबद्दल काहीतरी सांगतात. आपण मात्र फोटोतून तार पुसून गाव पन्नास वर्षं मागे नेतो आणि त्याला 'नेचर' म्हणतो.

मी डिझायनरला कळवलं, फोटो तारेसकट घ्या. क्रॉप करा, उजेड सारखा करा, छपाईच्या साइजनुसार शेवटी हलकं शार्पनिंग करा, माझी ना नाही. उत्तर नम्र होतं. 'थीमला सूट होत नाही.' डिसेंबरच्या पानावर दुसऱ्या कोणाचा तरी खंड्या आला. दीड महिन्याचं भाडं उडालं ते उडालंच. दुःख झालं, नाही कशाला म्हणू?

पण फीडबॅक कोणाकडे मागायचा, याचं गणित मात्र सुटलं. शार्पनेस कळतो अशा एका माणसाला विचारा आणि 'कसा आहे?' न विचारता 'कुठे सॉफ्ट आहे?' असं विचारा. फोटो विकत घेणाऱ्याला विचारा, बाजार काय मागतो ते कळतं. आणि तो पक्षी ज्याच्या अंगणातला आहे, त्याला विचारा, 'हा तुमचाच ना?' पहिले दोघं फोटो बघतात. तिसरा पक्षी बघतो.

माझा नीलपंख सध्या आखाड्यावर, खताच्या कंपनीच्या कॅलेंडरशेजारी टाचणीला लटकलाय. तारेसकट. आल्या-गेल्याला काका सांगतात, "हा आपला हाय."

याहून शार्प फीडबॅक मला तरी अजून मिळालेला नाही.