मालवणच्या पाण्याखाली अर्धा दिवस

पनवेलच्या व्यापारी घराण्यांना समुद्र परका नाही. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा देशावरचा माल बैलगाड्यांनी पनवेलच्या बंदरात येई आणि तेथून गलबतांनी खाडीमार्गे मुंबईस जाई. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली आणि बंदराची वर्दळ हळूहळू ओसरली. आजच्या पिढीला खाडी दिसते ती पुलावरून, मोटारीच्या काचेतून. तरी बंदर गजबजलेले असतानाही पाणी म्हणजे माल पोहोचविण्याची वाट, एवढाच हिशेब होता. त्या पाण्यात कोण राहते याची चौकशी करण्याचे प्रयोजन कोणाला पडले नव्हते.

ही चौकशी करण्याचा योग अशाच एका कुटुंबाला नाताळच्या सुट्टीत आला. घरात सराफीची पेढी, आजी पाठशाळेत शिकविणाऱ्या, आणि अकरा वर्षांची नात त्याच पाठशाळेत जीवविचार पाठ करणारी. पनवेलहून रात्रीची कोकण रेल्वे धरली की सकाळी कुडाळ येते. तेथून मालवण तासाभराच्या अंतरावर आहे. मोटारीने जाणाऱ्यांना राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलपासूनच सुरू होतो, परंतु वृद्ध माणूस बरोबर असेल तर रेल्वेच बरी. चातुर्मास संपलेला होता, थंडी सुखद होती. या दिवसांत पावसाळ्यातला गाळ खाली बसून पाणी निवळलेले असते. सामानात खाखरे, थेपले, सुकी भेळ आणि उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. मालवण हे मच्छीमारांचे गाव. जैन आहार तेथे मिळतो, पण आधी सांगून ठेवावे लागते.

आजींची हरकत निघण्यापूर्वीच नोंदली गेली होती. पाणी हाच मुळी अप्काय जीवांचा समूह. कारणावाचून त्यात उतरून डुंबणे श्रावकाला शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. अखेर तडजोड झाली. आजी होडीत बसतील, पाण्यात उतरणार नाहीत. मुलगा आणि नात उतरतील, पण एकदाच आणि पाहण्यापुरते.

पहिली होडी देवबागहून सूर्योदयाच्या सुमारास निघाली. देवबाग ही एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामध्ये सापडलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. होडी नदीतून संगमाकडे सरकते, वाळूचा एक दांडा मागे पडतो (२००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असे गावकरी सांगतात आणि त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात), आणि मग एकाएकी लाटांची उंची बदलते. आजींची नवकारसी असल्यामुळे त्यांनी अद्याप पाण्याचा घोटही घेतला नव्हता. एका हाताने होडीची कड धरून त्या नवकार म्हणत होत्या. जीवरक्षक जाकीट मात्र त्यांनी सर्वांच्या आधी चढविले होते. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून माणसे दगावली, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. जाकीट घातल्याशिवाय आणि होडीत किती माणसे घेतली ते मोजल्याशिवाय निघू नये, हे प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

निवतीच्या बाजूला डॉल्फिन दिसले. या किनाऱ्याला आढळणारे डॉल्फिन बहुधा पाठीवर उंचवटा असलेल्या करड्या जातीचे. ते खोल समुद्रात न जाता किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वावरतात. चित्रपटात दाखवितात तशा उड्या त्यांनी मारल्या नाहीत. पाठ वर आली, फुस्स असा उच्छ्वासाचा आवाज झाला, पाठ खाली गेली. एका मोठ्या पाठीला लागून एक लहान पाठ होती. तेवढ्यात चार-पाच होड्या चारी बाजूंनी त्या जागेकडे धावल्या. या कुटुंबाच्या तांडेलाने मात्र यंत्र बंद केले आणि होडी नुसती तरंगत ठेवली. "आपण थांबलो तर ते येतात," तो म्हणाला. ते आले नाहीत, दूर निघून गेले. पैसे वसूल झाले नाहीत असे कोणाला वाटल्याचे दिसले नाही.

नातीला आठवण झाली ती जीवविचाराची. अकराव्या शतकातील आचार्य शांतिसूरींनी रचलेल्या या अवघ्या ५१ गाथांच्या प्राकृत प्रकरणात पाण्यात राहणारे पंचेंद्रिय तिर्यंच पाच नावांनी सांगितले आहेत: सुसुमार, मत्स्य, कच्छप, ग्राह आणि मकर. सुसुमार म्हणजे काय, हे पाठशाळेत कोणालाच नीट सांगता आले नव्हते. संस्कृत कोशांत शिशुमार या शब्दाचा एक अर्थ डॉल्फिनसारखा जलचर असा दिला आहे. हवेत श्वास घेणारा, पिल्लाला जन्म देऊन दूध पाजणारा हा जीव मासा नव्हेच, हे विज्ञान सांगते. आजी बराच वेळ त्या रिकाम्या पाण्याकडे पाहत राहिल्या आणि मग नातीला म्हणाल्या, "गाथा आता नीट पाठ होईल तुझी."

दुसरी होडी मालवणच्या धक्क्यावरून. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. १६६४ च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तीन वर्षांत काम पुरे झाले. पायाच्या दगडांत शिसे ओतले आहे. खाऱ्या पाण्याच्या मध्यभागी दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत हा एक. किल्ल्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. येथे विषय आहे तो तटाबाहेरच्या पाण्याचा. १९८७ मध्ये शासनाने हा किल्ला, शेजारचा पद्मगड आणि भोवतालचा समुद्र मिळून २९.१२ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण त्यांची रोजची भाकरी त्याच पाण्यात आहे. पर्यटकाने त्यांना दोष देण्याआधी याचा विचार करावा.

होडीवाला मच्छीमाराचाच मुलगा. त्याने पाण्यात उतरणाऱ्यांना अंगठ्या काढून ठेवायला सांगितल्या. गार पाण्यात बोटे आक्रसतात आणि अंगठी निसटली तर समुद्र परत देत नाही. मुलाने अनामिकेतली पोवळ्याची अंगठी काढून आजींच्या बटव्यात दिली. डोळ्यांवर काच, तोंडात नळी, आणि चेहरा पाण्याखाली. प्रथम सर्वांच्याच नाकातोंडात खारे पाणी जाते. मग श्वास तोंडाने घ्यायचा हे अंगवळणी पडते आणि खाली पाहता येते.

खाली जे आहे ते लक्षद्वीपच्या चित्रांसारखे नाही, हे सांगितले पाहिजे. येथले पाणी हिरवट, दृष्टी पोहोचते ती काही हातांपर्यंत. खडकांवर तपकिरी, पिवळट, फिकट हिरव्या रंगांचे गोळे आणि पसरट थाळ्यांसारखे थर दिसतात. त्यांवर काळ्या पट्ट्यांचे लहान मासे, सांदीत लांब काट्यांचा काळा गोळा, एका फटीत हलणाऱ्या बोटांसारखा समुद्रफूल म्हणतात तो प्राणी. पाच-दहा मिनिटे स्थिर राहिले की मग गर्दी ध्यानात येते: वीतभर जागाही रिकामी नाही. नात थकून पाय टेकवायला गेली तेव्हा होडीवाला ओरडला, "चेडवा, दगडार पाय ठेवू नको! तेका जीव आसा!"

तो दगड नव्हताच. ते प्रवाळ होते. काही मिलिमीटर आकाराचे असंख्य प्राणी चुन्याच्या वाट्या बांधून शेजारी शेजारी राहतात आणि वाटीवर वाटी चढत जाते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न बनविते आणि यजमानाला वाटा देते. पाणी नेहमीपेक्षा फार तापले की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडते. गोळ्यासारखी प्रवाळे वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. हातभर उंचीचा गोळा म्हणजे घरच्या कर्त्या माणसाच्या वयाचा, आणि तो एका टाचेने मोडतो. २००१ पासून ही प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहेत.

शेजारच्या होडीतून बिस्किटे पडू लागली आणि मासे तिकडे झुंडीने गेले. पारव्यांना दाणे टाकणाऱ्या घरातल्या मुलीला त्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते. तिने आजींकडे खाखरा मागितला. आजींनी खाखरा बाहेर काढला आणि हातातच धरून होडीवाल्याला विचारले, "दादा, आम्ही येत नाही तेव्हा हे काय खातात?"

"दगडावरचं शेवाळ, बारीकसारीक किडे."

"आणि बिस्किटं मिळाली की?"

"मग बिस्किटांचीच वाट बघत बसतात, आजी. शेवाळ तसंच वाढतं. ह्या जिवंत दगडांवर चढतं."

खाखरा पुन्हा डब्यात गेला. जीवदयेचे इतके साधे काम आजींनी क्वचितच केले असेल, आणि त्यासाठी त्यांना स्वतःच्या सवयीविरुद्ध जावे लागले. बोलता बोलता होडीवाल्याने सांगितले की १ जून ते ३१ जुलै सरकार मासेमारी बंद ठेवते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्याही ओढून ठेवतात. "म्हणजे तुमचाही चातुर्मास," आजी म्हणाल्या. तो हसला.

खरा प्रश्न निघाला तो अंग पुसताना. जीवविचारात विद्रुम, म्हणजे प्रवाळ, हे स्फटिक आणि रत्नांच्या बरोबरीने पृथ्वीकायात गणले आहे: एक इंद्रिय असलेला, स्थावर. पुस्तक म्हणते तो प्राणी. हात हलवून खाद्य पकडतो, स्पर्श झाला की आखडतो. मग खरे काय? आजींनी उत्तर देण्याची घाई केली नाही. त्या म्हणाल्या, "शास्त्राचा निर्णय महाराजसाहेबांना विचारू. पण पृथ्वीकाय म्हटलं तरी जीव आहेच ना? पाय ठेवायचा नाही, एवढं दोन्हीकडून सारखंच निघतं."

नात तेवढ्यावर थांबणारी नव्हती. "पप्पा, मग तुमच्या अंगठीतलं पोवळं म्हणजे हेच?"

हेच नव्हे, पण याचेच भावंड. दागिन्यातले तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते, खोल पाण्यात झाडाच्या फांदीसारखे वाढते. त्याचा व्यापार फार जुना. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळे आहे. तेव्हापासून आजपर्यंत ते पश्चिम किनाऱ्याच्या व्यापाऱ्यांच्या हातांतून गेले आहे. मंगळासाठी पोवळे मागणारे गिऱ्हाईक पेढीवर दर आठवड्याला येते. ते रत्तीवर तोलून, दोष पाहून, विश्वासाने दिले जाते. त्यात लबाडी नाही, भेसळ नाही. ते कोणाचे तरी घर आणि हाड आहे, हा विचार तराजूत कधी आला नव्हता. पप्पांनी हे सर्व मुलीला सरळ सांगितले, काही लपविले नाही. त्यानंतर धक्का येईपर्यंत ते फारसे बोलले नाहीत.

धक्क्यावर शंख-शिंपल्यांची दुकाने आहेत. चोवीस तीर्थंकरांपैकी तिघांची लांछने जलचर आहेत: सुविधिनाथांचा मकर, मुनिसुव्रतस्वामींचे कासव आणि नेमिनाथांचा शंख. लग्नाच्या वरातीत, भोजनासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून रथ माघारी फिरविणारे ते हेच नेमिनाथ. त्यामुळे नातीला एक शंख हवा होता. जीवविचारात शंख आणि कवडी द्वींद्रिय म्हणून येतात. किनाऱ्यावर आपोआप आलेला रिकामा शंख वेगळा आणि आत प्राणी असताना काढून उकळून चकचकीत केलेला वेगळा. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, शिवाय काही जाती कायद्याने संरक्षित आहेत. शंख घेतला गेला नाही. मुलीचा चेहरा उतरला, आणि त्यावर दुसरे काही घेऊन देण्याचा प्रयत्न कोणी केला नाही, हे बरे झाले. बाजारात कोकमाचे आगळ आणि काजू मिळाले.

दुपारी एकपर्यंत सर्व आटोपले होते. संध्याकाळी गाडीपूर्वी कुडाळ स्थानकाच्या बाकावर थेपले निघाले. सूर्यास्ताला अवकाश होता, चौविहाराच्या आत जेवण झाले. बटव्यातून गोळ्या काढताना अंगठी आजींच्या हाती आली. त्यांनी ती पुढे केली. मुलाने ती घेतली, बोटात न घालता खिशात ठेवली आणि विचारले, "पेढीवरच्या मालाचं काय करायचं?"

"मांडलेला माल आहे, घाईने काही ठरवू नकोस," आजी म्हणाल्या. "नवा मागवण्याआधी मात्र विचारून घेऊ."

नातीने पाठशाळेची वही काढून महाराजसाहेबांना विचारायचा प्रश्न लिहिला. विद्रुमचा वि ऱ्हस्व की दीर्घ, हे तिने आजींना विचारले. तोवर गाडी फलाटाला लागली होती.