महागडं कार्ड, पॉइंट आणि आपल्या घराचा रोजमेळ



गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तीन-चार घरांतून मला एकच प्रश्न आला. धंद्यासाठी फिरणाऱ्यांना बँका ती महागडी क्रेडिट कार्डं देतात, ती घ्यावीत का? वर्षाला दहा-बारा हजार फी, विमानतळावर लाउंज, प्रत्येक खर्चावर पॉइंट आणि पॉइंटांवर ‘फुकट’ तिकीट. आमच्याकडेही हा प्रश्न दिवाळीच्या सुमारास आला आणि चांगला महिनाभर घरात राहिला. रोजमेळ मी लिहिते, म्हणून हिशेब माझ्याकडे आला. तो कसा केला तेच आज लिहिते. कार्डांची नावं देत नाही, कारण त्यांच्या अटी सारख्या बदलतात. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

आधी आमचं थोडं सांगते, म्हणजे आकडे कळतील. जळगावला एमआयडीसीत आमची छोटी डाळमिल आहे. धुळ्याला पाचकंदीलजवळ धाकट्या भाऊजींचं डाळ-धान्याचं होलसेल दुकान आहे. गावं दोन असली तरी फर्म एकच, दोघे भाऊ भागीदार. कार्ड येणार होतं आमच्या ह्यांच्या नावावर, कारण मुंबई, दिल्ली, इंदूर हा प्रवास जास्त तेच करतात.

फीपासून सुरुवात करू. माहितीपत्रकात वर्षाची फी १२,५०० रुपये होती. खाली बारीक अक्षरात ‘अधिक कर’. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,२५०. एकूण १४,७५० रुपये. दर १५० रुपयांच्या खर्चावर ५ पॉइंट. मग मी विचारलं, एक पॉइंट म्हणजे किती पैसे? उत्तर एक नव्हतं, तीन होती. विमान किंवा हॉटेल घेतलं तर १ रुपया, वस्तू घेतल्या तर ५० पैसे, आणि बिलातून वजा करून घेतले तर ३० पैसे.

मैत्रिणींनो, सगळा खेळ इथे आहे. नुसती फी वसूल व्हायची तर पॉइंट विमानावर वापरणाऱ्याला वर्षाला ४,४२,५०० रुपये खर्च करावा लागतो. मिक्सर, बॅगा अशा वस्तू घेणाऱ्याला ८,८५,०००. बिलात वजा करणाऱ्याला १४,७५,०००. तेच कार्ड, तेच पॉइंट, पण तिघांचा हिशेब वेगळा. काही कार्डांवर पहिल्या वर्षी भेटीचे पॉइंट मिळतात. तिथे हिशेब दुसऱ्या वर्षाचा मांडा, पहिल्याचा नाही.

हे म्हणाले, ‘अगं, आपली उलाढाल कोटींची. साडेचार लाख काय जड आहेत?’ वरवर पाहता खरंच होतं. म्हणून मी मागच्या वर्षाचा चोपडा काढला आणि कार्डाने काय काय देता आलं असतं, त्यावर पेन्सिलीने खुणा केल्या.

आमचा सगळ्यात मोठा खर्च तुरीचा. ती आम्ही बाजार समितीतून आणि अकोला, लातूर, कलबुर्गीच्या अडत्यांकडून घेतो. तिथे पैसे आरटीजीएसने जातात. अडत्याकडे कार्डाचं मशीन नाही, आणि असतं तरी त्याचे दोन टक्के तो आपल्याच भावात लावणार. हमाली आणि भाडं रोख किंवा यूपीआयने. डिझेलवर पॉइंट नाहीत. बारदानवाला कार्ड घेतो, पण वर दोन टक्के मागतो, आणि रोख दिले तर उलट सूट देतो. मध्यंतरी काही कंपन्या धंद्याच्या कार्डावरून पैसे घेऊन ते कार्ड न घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या खात्यात पोचवून द्यायच्या. २०२४ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने ती सोय थांबवायला लावली. तेव्हा तोही रस्ता नाही.

उरलं काय? रेल्वे, विमान आणि हॉटेल मिळून १,४०,०००. मशीनचे सुटे भाग ९०,०००. विमा ६०,०००. फोन आणि इंटरनेट ३०,०००. एकूण ३,२०,०००. याचे पॉइंट होतात १०,६६७. सगळे विमानावर वापरले तरी १०,६६७ रुपये. फी १४,७५०. म्हणजे ४,०८३ रुपये आपणच वरून द्यायचे. कोटींची उलाढाल आणि कार्डावर बसणारा खर्च सव्वातीन लाखही नाही. धान्य, डाळ, कापूस, भुसार अशा धंद्यातल्या बहुतेक घरांचं चित्र असंच निघेल असं मला वाटतं.

मग मोह होतो तो पुढचा. फी भरून निघायला १,२२,५०० रुपयांचा खर्च कमी पडतोय ना, मग घरचा फ्रिज बदलू, सोफा घेऊ, ‘घ्यायचाच होता’. गरज नसलेल्या वस्तूंवर सव्वा लाख घालवून चार हजारांचा तोटा भरून काढायचा, हा हिशेब कागदावर लिहिला की लगेच कळतो. तोंडी बोलताना कळत नाही. ‘अमुक लाख खर्च करा, फी माफ’ ही अटसुद्धा याच घरातली.

जीएसटीचं एक वेगळं सांगते. ‘कर परत मिळतो की’ असं सांगणारे भेटतात. फर्मच्या नावाचं कार्ड असेल आणि बँकेच्या बिलावर फर्मचा जीएसटी नंबर असेल, तर फीवरचा कर क्रेडिटला धरता येतो. नुसत्या भावाच्या किंवा नवऱ्याच्या नावाच्या कार्डाला हे लागू नाही. त्यात आपण डाळवाले. पाकीटबंद, लेबल लावलेली २५ किलोपर्यंतची डाळ २०२२ च्या जुलैपासून करात आली, पण सुटी आणि त्याहून मोठ्या पोत्यातली डाळ करमुक्त आहे. जितकी विक्री करमुक्त, तितक्या प्रमाणात क्रेडिट मिळत नाही. आपल्या सीएंना विचारून मगच ते २,२५० वजा धरा.

आता लाउंज. पुरुषमंडळींना याचं फार अप्रूप असतं, आणि दमून आलेल्या माणसाला बसायला बरी जागा मिळावी, यात वाईट काही नाही. पण आपल्या घरात त्याची किंमत किती? मागच्या वर्षी ह्यांचे विमानतळावर आठदा जाणं झालं. त्यातल्या पाच वेळा विमान सूर्यास्तानंतरचं होतं. हे चौविहार पाळतात. पाच वेळा तिथलं जेवण नुसतं बघायचं. उरलेल्या तीन वेळांत बटाटा, कांदा, लसूण टाळून ताटात काय येईल ते तुम्हीच सांगा. विमानात निदान आधी कळवून जैन जेवण मागता येतं. लाउंजमध्ये जे मांडलंय तेच. आपल्या डब्यातल्या दशम्या, खाखरे आणि कोरडी चटणी तिथे बसून खाता येतात, आणि गरम पाणी मिळतं. हे दोन फायदे मी खरे धरले. आठ वेळांचे मिळून हजार रुपये लिहिले. त्याहून जास्त लिहायला माझा हात धजावला नाही.

आपला बराचसा प्रवास तर रेल्वेचा. जळगाव जंक्शनवरून रात्री बसलं की सकाळी मुंबई. धुळेकर चाळीसगाव गाठतात किंवा महामार्गाने जातात. जळगावच्या विमानतळावरून २०२४ साली गोवा, हैदराबाद, पुण्याची छोटी विमानं सुरू झाली, हे चांगलंच झालं. पण कार्ड घेण्याआधी एक करून बघा. आपल्या गावाहून आपण खरंच जातो तो मार्ग पॉइंट वापरायच्या जागी दिसतो का, आणि तिथला भाव बाहेरच्या भावाइतकाच आहे का. तिथे तिकीट महाग असेल, तर एक रुपयाचा पॉइंट एक रुपयाचा राहत नाही.

परदेशात जाणाऱ्यांसाठीही हिशेब केला, कारण भाऊजींच्या मनात दुबईचं प्रदर्शन होतं. परकीय चलनातल्या खर्चावर बँक आकार लावते. तो २ टक्के असेल तर करासह २.३६ टक्के होतो. १ लाख खर्च केले तर २,३६० गेले, ३,३३३ आले, हातात ९७३ राहिले. आकार साडेतीन टक्के असेल तर करासह ४,१३० जातात. म्हणजे पॉइंट मिळूनही ७९७ चा तोटा.

आणि सगळ्यात मोठी भीती उधारीची. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. तूर येते डिसेंबर ते मार्चमध्ये. त्याच काळात आपला पैसा मालात अडकतो आणि दुकानदारांकडची वसुली लांबते. समजा ८०,००० चं बिल एक महिना राहिलं. व्याज २,८००, त्यावर कर ५०४, मिळून ३,३०४. इतके पॉइंट मिळवायला ९९,००० च्या वर खर्च करावा लागतो. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. ज्यांच्या धंद्यात हंगामी ओढाताण आहे, त्यांनी ही ओळ दोनदा वाचा.

हे सगळं घेऊन आम्ही एका रविवारी धुळ्याला गेलो. मला वाटलं होतं, आकडे दाखवले की विषय संपेल. तो तिथूनच सुरू झाला. भाऊजी म्हणाले, ‘वहिनी, माझ्या दुकानाचा खर्चही दादाच्या कार्डावर टाकू. मग साडेचार लाख होतील.’ म्हणणं बरोबर होतं, आकडा जमत होता. तेव्हा माझी धाकटी जाऊ चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, ‘खर्च दोन्ही घरांचा, तर तिकीट कोणाच्या नावावर निघणार?’

खोलीत कोणी काही बोललं नाही. तिचं माहेर हैदराबादचं. आई थकलेली आहे. दोन वर्षांत ती एकदाच जाऊन आली होती, तेही बसने. तिने हे सगळं काही काढलं नाही, एवढंच विचारलं. पण मला तो प्रश्न फीपेक्षा मोठा वाटला. कार्ड एका भावाच्या नावावर, बिल फर्म भरणार, आणि पॉइंट मात्र कार्डवाल्याच्या खात्यात. बँकेच्या दृष्टीने ते त्याचेच. चोपड्यात ते कुठेच दिसत नाहीत. आज दहा हजार, उद्या पन्नास हजार. आपल्या बाजारात भागीदारीतले भाऊ वेगळे झाले ते लाखांच्या फरकावरून थोडेच? अशाच न लिहिलेल्या गोष्टींवरून झाले.

ह्यांनी तेव्हाच सांगितलं, ‘जे फर्मचं आहे ते फर्मच्या चोपड्यात दिसलं पाहिजे.’ भाऊजींचा चेहरा सैल झाला.

मला त्या वेळी आनंद श्रावक आठवला. उपासकदशांग सूत्रातला वाणिज्यग्रामचा हा गृहस्थ आपल्यासारखाच व्यापारी, पण फार मोठा. भगवान महावीरांसमोर त्याने व्रतं घेतली तेव्हा प्रवासाचीही मर्यादा लिहून टाकली: लांबच्या प्रवासाला ५०० गाड्या, मालवाहतुकीला ५००, आणि तशीच जहाजं चार-चार. त्याने प्रवास सोडला नाही, धंदा सोडला नाही. किती ते आधी ठरवलं. त्याची पत्नी शिवानंदा हिनेही व्रतं घेतली. दिग्व्रत आणि परिग्रह-परिमाण आपण पर्युषणात ऐकतो. कार्डाची योजना नेमकी उलटी चालते. किती लागेल ते ती ठरवू देत नाही, आणखी थोडं पुढे गेलात तर बक्षीस असं म्हणते. म्हणून निदान आकडा आधी आपण ठरवावा आणि मग कार्डाकडे बघावं.

आम्ही असं केलं. महागडं कार्ड घेतलं नाही. फर्मच्या नावावर फी नसलेलं साधं कार्ड घेतलं. प्रवास आणि सुटे भाग एवढेच त्यावर. बिल पूर्ण रकमेने आपोआप कापलं जाईल अशी सूचना बँकेला दिली. दर तीन महिन्यांनी पॉइंट किती झाले ते चोपड्यात फर्मच्या जमेला लिहिते, आणि ते कोणी वापरायचे ते दोन्ही घरं मिळून ठरवतात. वाचलेल्या १४,७५० मधून पहिलं तिकीट धाकट्या जावेचं काढलं. जळगावहून हैदराबाद, जाऊन-येऊन. वर पैसे उरले.

सगळ्यांनी आमच्यासारखंच करावं असं मी म्हणत नाही. ज्यांचा कार्डावर बसणारा खर्च खरोखर सहा-आठ लाखांचा आहे, जे महिन्यातून दोन-तीनदा विमानाने जातात, बिल एकदाही मागे ठेवत नाहीत आणि पॉइंट विमानावरच वापरतात, त्यांना हे कार्ड फायद्याचं आहे. केळी निर्यात करणारी, परदेशी प्रदर्शनांना जाणारी अशी घरं आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांनी जरूर घ्यावं. ज्यांच्या घरी कार्ड आधीच आहे आणि नको झालंय, त्यांनी आधी पॉइंट वापरून घ्या, बाकी शून्य करा आणि लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. नाही झालं तर पुढे दर दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे असतात.

पुढच्या दिवाळीला चोपडापूजनाआधी मी हाच हिशेब पुन्हा मांडणार आहे. खर्च वाढला असेल तर निर्णयही बदलेल. तुमच्याकडे हा विषय निघाला तर मागच्या वर्षाचा चोपडा आणि एक पेन्सिल घेऊन बसा. आणि घरातल्या सगळ्यांना त्या बैठकीला बसवा, चहाचे कप उचलणारीलाही.

जय जिनेंद्र.