मुक्ता, दोन औषधं वेगळी लिही

प्रिय मुक्ता,


ऑर्थोच्या वॉर्डात रुजू झालीस आणि लगेच डिस्चार्ज कार्डांचं काम तुझ्याकडे आलं, असं तुझ्या आईकडून कळलं. ते नेहमी सर्वांत धाकट्या रेसिडेंटकडेच येतं. सर ओटीत गेलेले असतात, नातेवाईक बिल भरून दाराशी उभे असतात आणि कार्ड घाईत लिहिलं जातं. मी भूल देणारी. ऑपरेशनच्या टेबलावर आम्ही वेदनेकडे क्षणाक्षणाला लक्ष देतो. घरी जाताना मात्र तिची बोळवण एका ओळीत होते. त्या ओळीबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे.

ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉल, दिवसातून तीनदा, दहा दिवस. ही ओळ एव्हाना तुझ्या हाताला सवयीची झाली असेल. या गोळीत ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. पहिलं अफूसारखं काम करणारं, दुसरं घरोघरी तापाला घेतलं जाणारं. खरं तर पॅरासिटामॉल काही दिवस वेळच्या वेळी चालू राहायला हवं आणि ट्रॅमाडॉल होईल तितक्या लवकर सुटायला हवं. एकाच गोळीत बांधल्यावर ते जमत नाही; एक कमी केलं की दुसरंही कमी होतं. म्हणून दोन औषधं दोन ओळींत लिही. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, आणि ट्रॅमाडॉलपुढे स्वच्छ मराठीत, ‘दुखणं सहन होत नसेल तरच’.

वेगळं लिहिण्याचं मोठं कारण पुढेच आहे. या गोळीत पॅरासिटामॉल आहे हे पेशंटला ठाऊक नसतं. दिवसातून तीन गोळ्यांचं होतं ९७५ मिलिग्रॅम. अंग कसकसतं म्हणून घरातली ६५० ची गोळी चार वेळा घेतली की आणखी २६००. त्यात ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी दोनदा घेतली, की बेरीज ४५७५ वर जाते. धडधाकट माणसाची दिवसाची मर्यादा ४००० आहे. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या म्हातारीला, रोज दारू घेणाऱ्याला किंवा यकृत बिघडलेल्याला तेवढंही झेपणार नाही. कोणीही चूक केलेली नसते आणि यकृताला इजा होते. कार्ड देताना घरात कोणकोणत्या गोळ्या आहेत ते विचार, जमलं तर पिशवी उघडून बघ.

आणि ट्रॅमाडॉलच्या गोळ्या किती द्यायच्या? याचं उत्तर सिस्टरच्या चार्टमध्ये असतं. जाण्याआधीच्या चोवीस तासांत पेशंटला ट्रॅमाडॉल किती लागलं ते बघ. एकदाही लागलं नसेल, तर घरी कशाला द्यायचं? लागलं असेल, तर मोजून दे. अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी तीन दिवस बहुधा पुरतात, असं अमेरिकेच्या सीडीसीने २०१६ साली सांगितलं. मोठ्या ऑपरेशननंतर जास्त लागतील, पण ते चार्ट सांगेल, सवय नव्हे.

काहींच्या बाबतीत ट्रॅमाडॉल लिहूच नकोस. बारा वर्षांखालचं मूल, अंगावर पाजणारी आई, फिट्स येणारा माणूस. काहींच्या यकृतात ट्रॅमाडॉलचं फार वेगाने जास्त तीव्र द्रव्य बनतं आणि श्वास मंदावतो. कोण तसं आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. झोपेसाठी अल्प्राझोलाम चालू असेल तर दोन्ही मिळून तोच धोका. नैराश्याच्या अनेक गोळ्यांशीही ट्रॅमाडॉलचं जमत नाही. मूत्रपिंड अधू असेल तर दोन डोसमधलं अंतर वाढव. ट्रॅमाडॉलने होणाऱ्या बद्धकोष्ठासाठी इसबगोलवर विसंबू नकोस, आतड्याला हलवणारं रेचक लिही.

एवढं वाचून घाबरू मात्र नकोस. आपल्याकडे उलटा अन्यायही भरपूर झाला आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धास्तीने कॅन्सरच्या पेशंटना वर्षानुवर्षं मॉर्फिन मिळत नव्हतं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही त्या कायद्याखाली आलं, तेव्हा काही डॉक्टरांनी हात आखडले. ज्याला खरंच दुखतंय त्याला गोळी नाकारणं हा सुरक्षितपणा नाही. दुखण्याने कळवळणारा माणूस व्यायाम टाळतो आणि सांधा आखडतो.

उरलेल्या गोळ्यांचंही सांग. त्या घरात पडून राहतात आणि सहा महिन्यांनी शेजारच्या काकूंच्या कंबरेला लागू पडतात. कोणाला देऊ नका, कुलपात ठेवा, उरल्या तर टॉयलेटमध्ये टाकून पाणी सोडा. ट्रॅमाडॉलसाठी आपल्या औषध-नियामक संस्थेचं, सीडीएससीओचंच, तसं सांगणं आहे. आणि माणूस उठवूनही नीट जागा होत नसेल, श्वास संथ झाला असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात आणा, हे घरच्यांकडून एकदा म्हणवून घे.

युनिटमध्ये छापील ओळ चालत आली असेल तर सरांशी बोल. चार्ट हातात घेऊन बोललीस तर ते ऐकतील. उद्याच्या पहिल्या कार्डापासून सुरुवात कर.

तुझी,
आत्या