काळी वाळू, एक बाटली

कोनाला विमान उतरत होतं. बायकोने खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाली, "अरे, हे काय? नुसतं डांबर ओतून ठेवलंय!"

हवाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? निळं पाणी, पांढरी वाळू, गळ्यात फुलांचा हार. इथे खाली काळाठिक्कर कातळ, झाडाचं नाव नाही. नंतर कळलं, हा एअरपोर्टच मुळी १८०१ साली आलेल्या लाव्हावर बांधलाय.

कॅलिफोर्नियात ऑनसाइट असलेल्या मराठी माणसाच्या यादीत तीन गोष्टी ठरलेल्या असतात. ग्रँड कॅनियन, लास व्हेगास आणि हवाई. पहिल्या दोन उरकल्या होत्या. लाँग वीकएंडला दोन सुट्ट्या जोडल्या, लॅपटॉप मुद्दाम घरी ठेवला आणि पाच-साडेपाच तासांची फ्लाइट पकडली. मित्रमंडळी वाइकिकीला जा म्हणत होती. आम्ही हट्टाने बिग आयलंड निवडलं, कारण तिथला ज्वालामुखी अजून जिवंत आहे. चार दिवस पाण्यात डुंबायचं, थोडं चालायचं आणि बाकी लोळायचं, एवढाच प्लॅन!

पहिला दिवस काहालुऊ बीचवर. पाणी उथळ, एका बाजूला दगडांचा जुना बांध, त्यामुळे लाटा अडतात. नवशिक्यांसाठी झकास, असं सगळे सांगतात. मी टिळक टँकवर तीन उन्हाळे काढलेला माणूस, म्हटलं काय अवघड आहे? मास्क लावला, नळी तोंडात धरली, डोकं पाण्यात घातलं आणि छातीत धस्स झालं. नाक बंद, पाण्याखाली तोंड, आणि मेंदू म्हणतोय, श्वास घेऊ नकोस. दोनदा ताडकन उभा राहिलो. शेजारी सहा-सात वर्षांची एक मुलगी मजेत तरंगत होती, हे जास्त झोंबलं. बायको पंचगंगेत पोहायला शिकलेली. ती म्हणाली, "घेऊ नकोस रे, आधी सोड. सावकाश सोड." तिसऱ्या वेळी नुसता श्वास सोडत राहिलो आणि मग आपोआप आत आला.

आणि खाली बघितलं तर... हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेधमक मासे, थव्याने! त्यांना यलो टँग म्हणतात. काळ्या कातळावर तो रंग असा उठून दिसतो की बघतच राहावं. हवाईचा राज्यमासाही दिसला. त्याचं नाव हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ. नळी तोंडात ठेवून म्हणून बघा! एक समुद्री कासव अगदी शेजारून गेलं. कासवापासून निदान दहा फूट लांब राहा असं सांगतात, पण तेच जवळ आलं तर आपण हात आवरून गप्प तरंगायचं. सनस्क्रीन मात्र बघून घ्या. प्रवाळाला घातक म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून हवाईत बंदी आहे.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडून वळसा घालून पुनालुऊला थांबलो. हा प्रसिद्ध काळा बीच. नारळाची झाडं, कोळशाच्या चुऱ्यासारखी वाळू आणि तिच्यावर उन्हात पसरलेली कासवं. उकळता लाव्हा समुद्राला भिडतो आणि एका क्षणात तडकून त्याचा चुरा होतो, तीच ही वाळू. मी पाण्याची रिकामी बाटली काढली आणि अर्धी भरली. ऑफिसच्या डेस्कवर मस्त दिसेल, एवढंच डोक्यात होतं.

मुक्काम पाहोआ गावात एका घरी होता. मालकीणबाई साठीच्या. सकाळी कॉफी देताना मी त्यांना विचारलं, स्नॉर्केलिंगला इथे जवळ कुठे जाऊ? त्या हसल्या. म्हणाल्या, आठ वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर कापोहो सांगितलं असतं. तिथे त्यांचं घर होतं. दारापासून चार पावलांवर समुद्राच्या पाण्याची तळी, त्यात प्रवाळ आणि मासे. नातवंडं तिथेच पोहायला शिकली. २०१८च्या मे महिन्यात कीलाउएआच्या उतारावर लेइलानी वस्तीत जमीन फाटली. जूनच्या सुरुवातीला लाव्हा कापोहोत पोचला आणि अख्खी खाडी भरून टाकली. त्या उद्रेकात सातशेहून जास्त घरं गेली. "तुम्हाला राग नाही येत?" बायकोने विचारलं. त्या म्हणाल्या, जमीन पेलेची आहे, आम्ही भाडेकरू. पेले म्हणजे तिथली अग्नीची देवी. हे सांगताना त्यांचा आवाज मात्र भाडेकरूचा नव्हता. घर गेलेल्या माणसाचा होता.

त्यांनी आम्हाला पोहोइकीला पाठवलं. तिथे लाव्हा बोटींच्या धक्क्याच्या अगदी जवळ येऊन थांबला. पण त्याची वाळू वाहत आली आणि जिथे आधी बीच नव्हताच तिथे नवाकोरा काळा बीच तयार झाला! आपल्यासारख्या टुरिस्टांची चैन, पण कोळ्यांच्या बोटी उतरायचा मार्ग त्याच वाळूने बुजवला आणि पुढे कित्येक वर्षं धक्का निकामी होता. समुद्र खवळलेला होता, पोहायला उतरलो नाही. माझ्यापेक्षा चाळीसेक वर्षांनी लहान असलेल्या वाळूवर नुसते बसून राहिलो. जवळच कालापानाचा जुना काळा बीच १९९०मध्ये असाच लाव्हाखाली गेला. तिथल्या लोकांनी नव्या काळ्या जमिनीवर पुन्हा नारळ लावलेत.

तिसऱ्या दिवशी कीलाउएआ इकीचा ट्रेक. जंगलातून एका विवरात उतरायचं आणि त्याच्या तळावरून चालत पलीकडे जायचं. दोन-तीन तास पुरतात. १९५९ साली इथे लाव्हाचं कारंजं ५८० मीटर उंच उडालं होतं. म्हणजे आठ कुतुबमिनार एकावर एक! आता तळ थंड आहे, पण भेगांतून अजून वाफ येते. ओहिआची लाल फुलं त्या भेगांतून डोकं काढतात. दोरखंडासारख्या वळ्या पडलेला तो कातळ बघून मला एकदम घरची आठवण झाली. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, फक्त साडेसहा कोटी वर्षं जुना. आपल्याकडच्या लाव्हालासुद्धा भूशास्त्रज्ञ पाहोएहोए आणि आआ हीच हवाईयन नावं वापरतात. आपण ट्रेकला चढतो ते म्हातारपण. हे बाळपण.

त्या रात्री बॅग भरताना बाटली हाताला लागली. इथून वाळू नेणं कायद्याने बंद आहे, हे तोवर कळलं होतं. पेलेचे दगड नेले की शाप लागतो म्हणून लोक ते पोस्टाने परत पाठवतात. शापाची गोष्ट मात्र जुनी नाहीच, अलीकडची आहे म्हणे. मला शापाची भीती नव्हती. मालकीणबाईंची कॉफी आठवत होती. त्यांच्या घरातून एक कपही बाहेर आला नव्हता आणि मी त्यांच्या बेटाची बाटली डेस्कसाठी नेत होतो. परतीच्या वाटेवर पुनालुऊला गाडी थांबवली, पाण्यापाशी जाऊन बाटली उपडी केली. बायको काही बोलली नाही, हे विशेष!

जाणार असाल तर गाडी भाड्याने घ्याच, बसच्या भरवशावर हे बेट होत नाही. पाण्यात घालायचे बूट न्या, कातळ पाय कापतो. ज्वालामुखीचं पार्क बाराशे मीटर उंचीवर आहे, तिथे थंडी आणि पाऊस दोन्ही, जॅकेट लागतंच. डिसेंबर २०२४ पासून कितीतरी महिने कीलाउएआने थांबून थांबून लाव्हाची कारंजी उडवली. ती कधी दिवसभर, कधी काही तासच. तेव्हा निघायच्या सकाळी पार्कची सूचना वाचा आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.