हरवलेली कांडी

गतवर्षीं गणेशोत्सवाच्या सप्ताहांत आमच्या हवाईयन गिटारीस तीन आमंत्रणें आलीं: सोमवारीं बोरिवली, बुधवारीं घाटकोपर, शनिवारीं मुलुंड. हें वाद्य मांडीवर आडवें ठेवितात. तारा बोटांनीं दाबीत नाहींत. डाव्या हातांतील पोलादी कांडी त्यांवरून सरकवितात. त्यामुळें गळ्यांतल्यासारखी मींड निघते; पण कांडी केसभर ढळली कीं सूर गेलाच. बालमित्रांनो, 1889 च्या सुमारास हवाई बेटांतील जोसेफ केकुकू नामक शाळकरी मुलानें ही युक्ति काढिली, असें सांगतात. आपल्याकडे ब्रिजभूषण काब्रा यांनीं 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडींत याच गिटारीवर राग वाजविले.

बोरिवलीस ठीक झालें. बुधवारीं अंधेरीहून मेट्रोनें घाटकोपरास पोहोंचलों, पेटी उघडली, तों कांडी नाहीं! ती आमच्या वडिलांची. इतक्यांत आमचें नांव पुकारलें गेलें. शेजारच्या एका बाईंनीं धांवत जाऊन औषधाची कांचेची बाटली आणून दिली. बाटलीस पोलादाचा भार कोठला? जलद गीतें सोडून दिलीं व संथ भूपावर वेळ निभावली. पुढील रांगेंतील एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते. (निजले होते कीं काय, कोण जाणे!)

मुलुंडास नवी कांडी नेली. ती उत्तम आहे. परंतु वडिलांच्या अंगठ्याखालीं जुनीचा मुलामा उडून जी खरबरीत जागा झाली होती, ती हिच्यावर नाहीं. आमचा अंगठा अजून ती चांचपतो.