पंचवीस तासांचा दिवस

पत्र पहिले : अटलांटिक महासागर

प्रिय ताई,

लांबच्या क्रूझवर माणूस नेमकं काय विकत घेतो? बहुतेक जण बंदरांची नावं सांगतील. पण साउदम्प्टनहून पश्चिमेला निघून, पनामा कालव्यातून पॅसिफिकमध्ये शिरून जगाला वळसा घालणाऱ्या शंभर-सव्वाशे दिवसांच्या सफरीत प्रत्येक बंदराच्या वाट्याला एखादा दिवस येतो, कधी अर्धाच. बाकी सगळं पाणी. या दिवसांत मिळतो तो वेळ. स्वयंपाक नाही, धुणीभांडी नाहीत, बाजारहाट नाही, नव्या गावी पोचूनही बॅग भरायची नाही. शिवाय जहाज पश्चिमेला चाललं की दर काही दिवसांनी रात्री घड्याळं एक तास मागे घ्यायची सूचना येते आणि दिवस पंचवीस तासांचा होतो. घरी कुणाला न मिळणारा हा तास इथे उशाशी आयता येतो.

हा वेळ समुद्राने दिला असं वाटणं साहजिक आहे. मला मात्र या पत्रांतून वेगळी गोष्ट मांडायची आहे. घरात ज्याला जेवल्यावर ताट उचलावं लागत नाही, त्याचं ताट कुणीतरी उचलतंच. जहाजही तसंच एक घर आहे. इथला प्रत्येक मोकळा तास कुणाच्या तरी कामाच्या तासातून आलेला असतो, आणि तो कुणाचा, किती आणि कोणत्या कायद्याखाली हे माहीत करून घेणं हे प्रवाशाचं कर्तव्य आहे.

या धंद्याच्या सुरुवातीचं एक वर्ष पाहा. न्यूयॉर्कहून निघालेल्या ‘लॅकोनिया’ या जहाजाची १९२२-२३ची सफर ही जगप्रदक्षिणेची पहिली क्रूझ मानली जाते. त्याच १९२२ साली ‘रिलायन्स’ आणि ‘रिझोल्यूट’ ही दोन अमेरिकी प्रवासी जहाजं पनामाच्या झेंड्याखाली गेली, कारण अमेरिकेत दारूबंदी होती आणि परक्या झेंड्याखाली प्रवाशांना दारू देता येत होती. जहाजावर कायदा चालतो तो झेंड्याच्या देशाचा. आज मोठी क्रूझ जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा ठिकाणांच्या झेंड्यांखाली चालतात. दारूसाठी शोधलेली ती वाट पुढे करांसाठी आणि कामगार-कायद्यांसाठी वापरली गेली.

पत्र दुसरे : पनामा कालवा

प्रिय ताई,

हा कालवा सुमारे ८२ किलोमीटर लांब आहे. लॉकच्या पाणकोठ्यांतून जहाज पायरी-पायरीने २६ मीटर वर चढतं, गातून सरोवर ओलांडतं आणि पलीकडे तसंच उतरतं. जुन्या लॉकमध्ये दोन्ही काठांच्या रुळांवर छोटी इंजिनं चालतात. त्यांना इथे ‘खेचरं’ म्हणतात. तारेचे दोर ताणून ती जहाजाला मधोमध धरून ठेवतात. मोठं जहाज आत आलं की पोलादी कूस आणि काँक्रीटची भिंत यांच्यात हातभर जागा उरते. वरच्या डेकवर प्रवाशांची दाटी होते आणि एरवी गजबजलेलं जहाज शांतपणे पाण्याची चढती रेघ पाहत राहतं.

१९१४ साली कालवा सुरू झाला आणि न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा केप हॉर्नला वळसा घालून होणारा प्रवास सुमारे साडेबारा हजार किलोमीटरने कमी झाला. म्हणजे कालव्यानेही वेळच दिला. तो कुणी दिला, याचा हिशोब कागदावर आहे. अमेरिकेने बांधकाम हाती घेतल्यावर, १९०४ ते १९१४ या काळात, नोंद झालेले मृत्यू सुमारे ५,६०० आहेत आणि त्यांतले बहुसंख्य बार्बाडोससारख्या कॅरिबियन बेटांवरून आलेले काळे मजूर होते. पगाराच्या दोन याद्या होत्या. गोऱ्या अमेरिकनांची ‘सोन्याची यादी’ आणि बाकीच्यांची ‘चांदीची यादी’. राहण्याच्या जागा, जेवणघरं, पोस्टाच्या खिडक्यासुद्धा या याद्यांप्रमाणे वेगळ्या होत्या.

तू म्हणशील, शंभर वर्षांपूर्वीचं हे दुःख आजच्या जहाजाच्या माथी कशाला मारायचं? आज इथे कुणी दरडीखाली मरत नाही, हे खरंच आहे, आणि ती बरोबरी मी करतही नाही. पण यादीची सवय मोडली का, हे पाहायला हवं. अनेक जहाजांवर कर्मचाऱ्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो. ते बिल्ले वाचत गेलं की कळतं, खोल्या आवरणारे, भांडी घासणारे, लाँड्रीत राबणारे हात मुख्यतः फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारताचे आहेत. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या जागी, आणि मोठ्या हुद्द्यांवर युरोपीय नावं जास्त. ही वाटणी आज कुठल्या नियमात लिहिलेली नाही. पण कमी पगारात जास्त महिने राहायला तयार होणारा माणूस शोधत भरती गरीब देशांपर्यंत पोचते आणि यादी आपोआप तयार होते.

पत्र तिसरे : पॅसिफिक महासागर

प्रिय ताई,

घड्याळ मागे घेण्याच्या रात्री जहाज चालवणाऱ्यांत एक सुरेख पद्धत असते. ब्रिजवर चार-चार तासांच्या पाळ्या असतात, त्यांना वॉच म्हणतात. वाढलेला तास एकाच वॉचवर पडू नये म्हणून अनेक जहाजांवर तो वीस-वीस मिनिटांनी तीन वॉचमध्ये वाटून घेतात. साठ मिनिटांचाही न्याय करता येतो, मनात असेल तर. उलट जहाज पूर्वेला जात असेल तर घड्याळ पुढे सरकतं आणि पहाटे उठणाऱ्याचा झोपेतला तास जातो.

आता कायदा पाहू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००६चा सागरी कामगार करार २०१३मध्ये लागू झाला आणि भारताने तो २०१५मध्ये स्वीकारला. नाविकांच्या नोकरीसाठी दलालाने त्यांच्याकडून पैसे घेऊ नयेत, घरी परतण्याचा खर्च मालकाने करावा, अशा मोलाच्या गोष्टी त्यात आहेत. कामाची मर्यादा आहे चोवीस तासांत चौदा आणि आठवड्यात बहात्तर तास. किंवा त्याऐवजी विश्रांतीची मर्यादा, दिवसाला किमान दहा आणि आठवड्याला सत्त्याहत्तर तास. हे दहा तास दोन तुकड्यांत देता येतात, फक्त एक तुकडा सहा तासांचा हवा. म्हणजे सलग सहा तासांत अंघोळ, घरचा फोन आणि झोप, तेही आठवड्याची सुट्टी नसताना, सहा-सहा, नऊ-नऊ महिने. प्रवाशांची अख्खी जगप्रदक्षिणा संपते तेव्हा त्यांची खोली आवरणाऱ्या स्टुअर्डचं कॉन्ट्रॅक्ट बऱ्याचदा संपलेलं नसतं.

रोज संध्याकाळी पलंगावर टॉवेलची घडी घालून केलेला हत्ती किंवा माकड बसवलेलं असतं. घडी दोन-चार मिनिटांची. पण एका स्टुअर्डकडे पंधरा-वीस खोल्या असल्या तर फक्त हत्तींनाच तास जातो, आणि खोली दिवसातून दोनदा आवरायची असते ती वेगळीच. गालिच्याच्या कॉरिडॉरमध्ये ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ लिहिलेलं दार उघडलं की पलीकडे रंगवलेलं पोलाद, उघडे पाइप आणि गाड्या ढकलणारी माणसं. जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या त्या बोळाला कर्मचारी अमेरिकेतल्या महामार्गावरून ‘आय-९५’ म्हणतात.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा की त्यांना पगार मिळतो, कुणी बळजबरी केलेली नाही, आणि गावाकडे इतका पैसा मिळालाच नसता. हे शब्दशः खरं आहे. याच पैशावर घरं उभी राहिली, मुलं शिकली. पण पगार हा कामाचा मोबदला असतो, विश्रांतीची किंमत नसते. दोन अवघड पर्यायांतून माणसाने एक निवडला, म्हणून निवडलेल्या पर्यायातली कठोरता न्याय्य ठरत नाही. टिप ठेवली की फिटलं, हेही खरं नाही. टिप प्रवाशाच्या मर्जीवर असते. कामाचे तास हा हक्काचा विषय आहे.

पत्र चौथे : अरबी समुद्र

प्रिय ताई,

कोलंबो मागे पडलं, आता आपला किनारा. या विषयात आपण परके नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर रत्नागिरीच्या बाजूचे खलाशी डेकवर असत, त्यांचे मुकादम म्हणजे सारंग आणि टंडेल. खानसामे आणि स्टुअर्ड बहुतेक गोव्याचे. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. बोट मिळेपर्यंत मुंबईत राहायला गावोगावच्या लोकांनी ‘कूड’ उभारले. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीतले कूड प्रसिद्ध आहेत. एका गावाचा एक कूड, भिंतीलगत पत्र्याच्या ट्रंका, रोज संध्याकाळी एकत्र प्रार्थना. कंपनीने न केलेली सोय गावाने वर्गणी काढून केली.

आता अलीकडचं उदाहरण. फेब्रुवारी २०२०मध्ये, कोरोनाच्या साथीत, ‘डायमंड प्रिन्सेस’ हे क्रूझ जहाज जपानमध्ये योकोहामाला अडकलं. जहाजावर ३,७११ माणसं होती, त्यांत १३२ भारतीय कर्मचारी. प्रवाशांना खोलीबाहेर पडायची मनाई झाली, आणि दारोदार जेवण पोचवायचं काम कर्मचाऱ्यांनी केलं. ते स्वतः मात्र दोघा-दोघांच्या खोल्यांत राहत आणि एकाच मेसमध्ये जेवत होते. साथीत प्रवाशांचं विलगीकरण शक्य झालं ते दुसऱ्यांनी ते न पाळल्यामुळे. यापेक्षा स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

शेवटचा आक्षेप असा, की मग जाऊच नये का? जावं. त्याच वर्षी जहाजं थांबली तेव्हा कर्मचारी महिनोन्‌महिने घरापासून दूर अडकले आणि अनेकांचा पगार बंद झाला. प्रवाशांनी पाठ फिरवून त्यांचं भलं होत नाही. विचारल्याने होतं. साथीतल्या एकटेपणानंतर नाविकांच्या संघटनांनी मागणी लावून धरली, तेव्हा सागरी कामगार करारात दुरुस्ती झाली आणि जहाजावर घरच्यांशी बोलायला इंटरनेट देण्याची जबाबदारी डिसेंबर २०२४पासून मालकांवर आली. तिकीट काढताना झेंडा कोणता, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, कामाचे तास कोण तपासतं, हे विचारणारे प्रवासी वाढले तर कंपन्यांना उत्तर तयार ठेवावं लागेल. सफरीच्या शेवटी भरून घेतात त्या अभिप्रायाच्या अर्जातला प्रत्येक गुण कुणाच्या तरी पुढच्या कॉन्ट्रॅक्टवर परिणाम करू शकतो, हे ध्यानात ठेवून तो भरावा. आणि टॉवेलच्या हत्तीची गरज नाही, असं स्टुअर्डला पहिल्याच दिवशी प्रेमाने सांगावं.

ब्रिजवरच्या माणसांना एक तास तिघांत वाटता येतो. प्रवाशांनाही आपल्या पंचवीस तासांतून चार मिनिटं परत करता येतील.

तुझा,
धाकटा भाऊ